वामनकाकांचे हात

चिंचोटीजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाण्याचं काम बघणाऱ्या डेरिकने नवी पावडर आणली. कण डोळ्यांना दिसायचे नाहीत, पण ऊन लागलं की पाण्यातला रंग तोडून टाकायचे. अकरापर्यंत सांडपाण्याचा हौद नितळ व्हायचा आणि तुम्ही हसाल, पण जेवणाच्या सुट्टीत बरोबर एक वाजता पुन्हा निळा. आज तपासणीवाले नेमके एक वाजताच येणार होते. रंग दिसला असता तर कारखान्याला टाळं लागलं असतं.

घडी खात्यातल्या सुलभाकाकींना डेरिकने हळूच विचारलं, "काकी, निळ्या रंगाच्या टाकीवर काम करणारे आपले वामनकाका जेवणाआधी याच हौदात हात धुवायचे ना?"

"वर्ष झालं त्यांना जाऊन, तरी मेली सवय काही जात नाही," काकी म्हणाल्या. मग पदर सावरून हौदाशी वाकल्या आणि दटावलं, "अहो, ऐकलंत का? आज साहेब यायचेत. हात घरी येऊन धुवा."

नमुना पास झाला.

संध्याकाळी काकींनी आपल्या एकटीच्या घराचं कुलूप उघडलं, तर मोरीतली बादली निळीशार. त्यांनी जेवायला दोन पानं घेतली.