डॉक्टरांचा कागद

"तोंड उघडायच्या आधी हे भरायचं असतं," कुवाबारा-सान म्हणाल्या आणि कागद गुडघ्यावर ठेवून न्हुंगच्या शेजारी टेकल्या.

न्हुंगची उजवीकडची दाढ तीन दिवस ठणकत होती. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवताना तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. पण कुवाबारा-सान कारखान्याच्या वसतिगृहाच्या देखरेखीवर. त्यांच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. न्हुंग सकाळी भात टाकून उठते हे त्यांनी पाहिलं आणि स्वतःच दातांच्या दवाखान्यात नंबर लावला. वर कामाचा दिवस असून सोबत आल्या. अडीच वर्षांत न्हुंगनं त्यांना एकही रजा घेतलेली पाहिली नव्हती.

"तुला एकटीला पाठवलं असतं, तर दाढ सोडून गुडघा दाखवून आली असतीस."

न्हुंगला हसू आलं. तिचं जपानी म्हणजे कारखान्यातलं जपानी. सुई, दोरा, लवकर, चुकलं, परत कर. हनोईजवळच्या तिच्या गावात ते फार वाटायचं. इथं त्यात दाढ दुखते एवढंसुद्धा सांगता येत नव्हतं.

कुवाबारा-सान एकेक प्रश्न सावकाश वाचत आणि हातवारे करून समजावत. औषधानं अंगावर पुरळ? "नाही." रक्त लवकर थांबतं? "थांबतं."

मग त्यांनी पोटावरून गोल हात फिरवला. "बाळ?"

न्हुंगला दिवस गेले होते. तिसरा महिना चालू होता. इथंच दुसऱ्या कारखान्यात असलेला होणारा नवरा सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या खोलीतल्या लिएनला दिवस गेल्याचं कारखान्यात कळलं आणि आठवड्यात तिची खाट रिकामी झाली. न्हुंगच्या कराराचे चार महिने उरले होते. तेवढे सैल गणवेशाखाली निभावले की तीन वर्षांचा दाखला हातात आणि गावच्या शिवणशाळेत पक्की नोकरी. आधी कळलं, तर हात हलवत घरी.

"नाही," ती म्हणाली.

कुवाबारा-सानांनी पेन टेकवलं नाही. "दाढेचा एक्स-रे काढतील. भूल देतील. वर गोळ्या. खोटं लिहिलंस तर डॉक्टरांना काय स्वप्न पडणार आहे? भोगणार कोण?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, हा कागद डॉक्टरांचा. कारखान्याला असलं विचारायची बंदीच आहे. कायदा आहे तसा. तीन पोरं वाढवलीत मी, मला कळत नाही होय?"

या मुलखात इतक्या मायेनं तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. न्हुंगचे डोळे भरून आले. लपवून लपवून ती थकली होती.

"घे. तुझ्याच हातानं कर," त्यांनी पेन पुढं केलं.

न्हुंगनं 'हो'वर खूण केली, पुढं तीनचा आकडा घातला आणि खाली सही केली. कुवाबारा-सानांनी फोनवर कागदाचा फोटो काढला. पुढच्या खेपेला पुन्हा लिहायचा त्रास नको म्हणून असेल. मग त्यांनी कागद खिडकीत दिला.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. न्हुंगच्या पोटावर जड आवरण पसरलं, मगच एक्स-रे काढला. "दुखलं तर डावा हात वर," त्यांनी करून दाखवलं. तिनं हात वर केला नाही. कीड कोरून निघाली, दाढ बुजवली, गोळ्या मुळीच दिल्या नाहीत. बरं झालं खरं सांगितलं, असं तिला वाटलं. बाळाला धक्का लागला नव्हता. खुर्चीवरून उतरताना तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

कुवाबारा-सान दाराबाहेर पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. त्यांचे आभार कसे मानावेत, त्याची वाक्यं न्हुंग बूट चढवता चढवता मनात जुळवत होती. दार उघडंच होतं. एरवी फोनवरचं जपानी तिच्या डोक्यावरून जायचं. आज मात्र शब्दन्शब्द कळला.

"नाही हो साहेब, आपण कुठं विचारलं? तिनंच लिहून दिलंय, सहीसकट. तुम्ही शनिवारच्या विमानाचं बघा."