सासऱ्यांचं चित्र

वर्षश्राद्धासाठी सासऱ्यांचं चित्र शर्वरीने टॅब्लेटवर काढलं. ते पाहताच आत्याबाईंनी नाक मुरडलं. "आमच्या दादाचं नाक एवढं फेंदारलेलं नव्हतं गं!"

शर्वरीने नाक बारीक केलं. मग काकांनी मिशा दाट करायला लावल्या, नणंदेने टक्कल झाकायला लावलं. बिचारी पेन टेकवत सगळ्यांचं ऐकत गेली. अखेर आत्याबाईंना हुंदका फुटला. "आता कसा दादा दिसतोय!" चित्र छापून आलं, त्याला हार चढला.

श्राद्धाच्या जेवणाला वरच्या मजल्यावरचे गद्रे आले आणि हात जोडता जोडता थबकले. हारामागून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

गद्र्यांनी चष्मा पुसून चित्र नीट न्याहाळलं.

"छान आलोय," ते हळूच म्हणाले. "माझ्या वेळीही हेच लाव हं, पोरी."