एकमताने

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरातल्या आमच्या निवासी शाळेत ट्रेकवर असताना रोज एका मुलाची लीडर व्हायची पाळी असते. शेवटचा तीन दिवसांचा ट्रेक मात्र शिक्षकांशिवाय होतो आणि त्याचा लीडर मुलंच निवडतात. इमोजेनला तो मान हवा होता, म्हणून आज तिच्या पाळीला ती पहाटेच नकाशा घेऊन बसली.

"डोंगराच्या धारेवरून जाऊ. खाली ओढ्याकाठी जळवा आहेत."

"लीडरबाई, चढायचा दम कुणात आहे!" म्हणत हॅमिश ओढ्याकडे वळला आणि सगळे त्याच्यामागे गेले. तंबूही तिने सांगितलेल्या जागी कुणी लावले नाहीत. सगळ्यांच्या पायांवरच्या जळवा काढताना तिला रडू येत होतं.

संध्याकाळी शेवटच्या ट्रेकसाठी मतं घेतली. सगळे हात इमोजेनसाठी वर झाले.

 

"तूच बरी गं," हॅमिश म्हणाला, "तू असलीस की आम्हाला हवं तसं करता येतं."