भिंतीवरची यादी

रक्तपेढीच्या सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती. डेटाबेस आपल्या फोल्डरांना नावं देत नाही, नुसते नंबर देतो. म्हणून कोणत्या नंबरात काय आहे, याची यादी साहेबांनी कधीकाळी भिंतीवर चिकटवली होती. नवी इंजिनिअर तीच बघत त्यांच्याशी फोनवर बोलत होती.

"सर, १६४०२. पुढे 'चाचणी' लिहिलंय. उडवू?"

"उडव बिनधास्त. आटप लवकर, तिकडे ऑपरेशन खोळंबलंय."

बटणावर गेलेलं तिचं बोट थबकलं. "पण सर, यात आत्ता, या मिनिटाला नोंदी पडताहेत."

पलीकडून साहेब ओरडले. "हात काढ! चाचणी जमली म्हणून मीच तिचं नाव बदलून 'रक्तपेढी' केलं. नंबर तोच राहिला."

तिने यादीतल्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, 'जुना' लिहिलेला १६३९८ मी मघाशीच उडवलाय. त्याचं आता नाव काय आहे?"