माफीचं वाक्य

"माफी कशी मागायची, सांगशील?" देवस्थळीकाकांनी ऋजुतापुढे वही सरकवली. विद्यापीठातल्या फ्रेंचच्या वर्गात सगळे विशीचे, हे एकटे सत्तरीचे. "सर अजून आकड्यांवरच आहेत, आणि रविवारी फ्रेंच जावयाला फोन करायचाय. मुलीने कळवलंय, आधी त्याची माफी मागा, मगच माझ्याशी बोला. अकरा वर्षं झाली गं तिचा आवाज ऐकून."

मागच्या बाकावर खसखस पिकली. ऋजुताने हसू दाबत मोबाइलवर हुडकलेली एक सणसणीत फ्रेंच शिवी देवनागरीत लिहून दिली. आठवडाभर काका ती जिन्यात, कँटीनच्या रांगेत, ओठ हलवत घोकत होते.

सोमवारी ते येऊन तिच्याच शेजारी बसले.

"सगळं ऐकून घेतलं त्याने, आणि फोन ठेवला. बरोबरच आहे म्हणा. भर लग्नात मी त्याला जे बोललो, ते कोण विसरेल? आता लेक कायमची तुटली."

ऋजुताला काही बोलायचं होतं. तेवढ्यात काकांनी हात जोडून तेच वाक्य हळूच म्हणून दाखवलं.

"उच्चार तरी बरोबर होता ना गं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अगदी बरोबर, काका," ऋजुता म्हणाली.