सरदारांचं नाणं

मुआजने नाणं उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवून दिलं. फारच नीट झालंय, म्हणाला. मशीनचं वाटतं.

जहूरच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओमानमधल्या इब्राच्या बाजारात वीस वर्षं चांदीकाम केलं, पण काम नीट केलं म्हणून कुणी बोल लावला नव्हता. मुआज मस्कतच्या एका संग्रहालयाचं दुकान सांभाळायचा. त्याला जुन्या रुपेरी नाण्यांच्या नकला हव्या होत्या. राजाच्या हुकमाखालचे सरदार आपापल्या गढीत हातोड्याने पाडत, तसल्या. ठसा तिरका बसायचा आणि राजाचं नाव अर्धं कापलं जायचं. जहूरच्या नाण्यावर मात्र राजा अगदी मधोमध होता. रत्नागिरीहून आल्यापासून मिळालेलं सगळ्यात मोठं काम आता हातचं जायला निघालं होतं.

तेवढ्यात त्याच्या बायकोने, गुलबानूने, चहाबरोबर एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. रोज दुपारी जहूर तिला नाणी पाडायला शिकवायचा. शेजारी उभा राहून सांगायचा, असं धर, हळू, आता मार, अगं तिथे नाही. तिची सगळी वाकडी पडायची. ठसाच सरकतो, ती म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून तो ती नाणी पुन्हा वितळवायला याच डब्यात टाकायचा.

मुआजने डबा उपडा केला आणि त्याचा चेहरा खुलला. हीच, म्हणाला. गुरुवारपर्यंत सगळी अशीच द्या, इन्शाल्ला. कोणी केली?

जहूर खाकरला. तिच्याकडे न बघताच त्याने बोट दाखवलं.

मुआज गेल्यावर त्याने हातोडा बायकोच्या हाती दिला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. उस्ताद आता ती, आपण कशाला मध्ये लुडबुडायचं? जरा वाईट वाटलं त्याला, पण काम वाचलं होतं. आत एकामागून एक घाव पडत होते.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाची बांग झाली तसा तो आत डोकावला. पाटावर नाण्यांची रांग लागली होती. प्रत्येकावर राजा बरोबर मधोमध, अक्षर न् अक्षर शाबूत.

"अगं, वाकडी पाडायची होती."

"एकटीला नाय जमत," गुलबानू ठसा पुसत म्हणाली. "तुमी इथं बाजूला उभे ऱ्हावा आनि मला शिकवा."