विमानातली जागा

कलकत्त्याच्या गिरणीत इंद्रभानच्या हातात तार पडली : आई सिरियस, ताबडतोब निघ.

त्याच्या खोलीत राहणाऱ्या वामनरावांनी खटपट करून टपालाच्या विमानात नागपूरपर्यंतची एक जागा मिळवली, तीही इंद्रभानला झेपेल अशा भाड्यात. इंद्रभाननं मान हलवली.

"राहू द्या भाऊ. आमच्या जळगाव जामोदकडं मेल्याची तार कोनी करत नाही. मानूस गेलं तरी सिरियसच लिहितेत. बाप गेला तवा मी असाच धावत गेलो, पाहतो तं राखबी थंडी झालती. आता उडून कोनाले भेटू?"

तो रेल्वेनं निघाला आणि वाटभर त्यानं पोटभर रडून घेतलं. नांदुऱ्याला उतरल्यावर स्टेशनाबाहेरच्या न्हाव्यापुढे बसून त्यानं मिशीसकट मुंडण केलं. लेकाचं कर्तव्य उरकूनच त्याला घरात पाय ठेवायचा होता.

दारात रडारड नव्हती. ओसरीवरच्या बाजेवर त्याची आई, गोजरबाई, वाटेकडं डोळे लावून पडली होती. कालपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.


लेकाचं तुळतुळीत डोकं दिसताच तिनं उरलासुरला जीव गोळा केला आणि घाबरून विचारलं, "कोन गेलं रे, बाबू?"